माझ्या रक्तातली सुमन

हे सांगायचं मी आठ वर्षं टाळलं. आजारातून उठल्यावर खूप जणांनी सुचवलं, अनुभव लिहून काढा, दुसऱ्यांना धीर येईल. मी हो म्हणायचो आणि विषय बदलायचो. लिहायला बसलो की खरं लिहावं लागणार, आणि खरं लिहिलं की गावात मी स्वतः लावलेली एक गोष्ट मुळापासून उपटावी लागणार, हे मला माहीत होतं.

आमच्या गावात आजवर ती गोष्ट अशी सांगत आले, की माझा धाकटा भाऊ उत्तम याने स्वतःच्या मूळ पेशी देऊन मला रक्ताच्या कर्करोगातून वाचवलं. हे खोटं आहे. मला वाचवलं आमच्या बहिणीने, सुमनने. उत्तम कधी खोटं बोलला नाही. मी बोललो. तेही माईकवर, भरल्या मांडवात.

मुख्य सांगून झालं. बाकीचं सावकाश सांगतो, कारण हे वाचणाऱ्यांत एखादा असा असेल ज्याच्या हातात आजच रिपोर्ट पडला आहे. त्याने आधी एवढं ऐकावं: मी एकोणसत्तर वर्षांचा आहे, सकाळी दोन भाकरी खातो आणि शेतापर्यंत चालत जाऊन येतो. घाबरू नका.

पाकीट

गाव मला डॉक्टर म्हणतं, पण मी डॉक्टर नाही. गेवराई तालुक्यात, तलवाड्याच्या बाजूच्या खेड्यांत मी चौतीस वर्षं जनावरांच्या दवाखान्यात नोकरी केली. लाळ्या-खुरकूत, घटसर्प, फऱ्या यांच्या लसी टोचल्या, अडलेल्या गाई सोडवल्या. निवृत्त झाल्यावरही लोक पहाटे दार वाजवायचे.

एकसष्टाव्या वर्षी मला थकवा यायला लागला. हिरड्यांतून रक्त यायचं, पायांवर निळे डाग उमटायचे. मी स्वतःच स्वतःला तपासलं आणि लोहाच्या गोळ्या सुरू केल्या. कुसुम, माझी बायको, म्हणाली, "जनावरांचं कळतंय म्हणून सोतावर कावून प्रयोग करायलेत? मानसाच्या डॉक्टरला दाखवा की."

दोन महिने मी ऐकलं नाही. माझी पहिली चूक ती.

शेवटी उत्तमने मोटारसायकलवर बसवून बीडला नेलं. तिथल्या प्रयोगशाळेतल्या माणसाने माझं रक्त दोनदा घेतलं. दुसऱ्या वेळी त्याने माझ्याकडे न बघता सुई काढली, तेव्हाच मला कळलं. गाभण गाय वाचणार नाही असं दिसलं की मीही मालकाकडे बघत नसे. त्याने रिपोर्टचं पाकीट उत्तमच्या हातात दिलं आणि म्हणाला, "आजच संभाजीनगरला जा."

संभाजीनगरचे डॉक्टरही उत्तमशीच बोलू लागले. मी म्हटलं, "मला सांगा, मी खात्यातला माणूस आहे." मग त्यांनी मला सांगितलं. त्या क्षणी मी काय विचार केला असेल? दवाखान्यातल्या लसींच्या फ्रिजला कुलूप लावलं का, हा. निवृत्त होऊन तीन वर्षं झाली होती.

उत्तम बाहेर गेला. परत आला तेव्हा तोंड धुतलेलं होतं आणि डोळे लाल. म्हणाला, "दादा, च्या घ्यायचा का?" आम्ही चहा घेतला. दोघांच्याही कपातली साखर ढवळायची राहून गेली.

बियाणं

संभाजीनगरहून आम्हाला पुण्याला पाठवलं. तिथल्या रुग्णालयात आमच्या डॉक्टर एक बाई होत्या. चाळिशीच्या, भराभर चालणाऱ्या, पण बोलायला बसल्या की घड्याळाकडे न बघणाऱ्या. केमोच्या फेऱ्या झाल्यावर त्या म्हणाल्या, "रोग दबला आहे, गेला नाही. तुम्ही शेतकरी कुटुंबातले, म्हणून तुमच्या भाषेत सांगते. हाडांच्या आत मूळ पेशी असतात. सगळं रक्त त्यांच्यापासून उगवतं. तुमचं ते बियाणं बिघडलंय. ते काढून दुसऱ्याचं चांगलं बियाणं पेरायचं आहे. पण ते जुळणारं हवं."

सख्ख्या भावंडांचं जुळण्याची शक्यता जास्त, म्हणून उत्तम आणि सुमन दोघांचं रक्त तपासलं. उत्तमचं अर्धंच जुळलं. सुमनचं पूर्ण जुळलं.

सुमन आम्हा भावंडांत मधली. माझ्याहून सात वर्षांनी लहान, उत्तमहून तीन वर्षांनी मोठी. परळीला दिलेली. दाजी थर्मलमध्ये नोकरीला होते. तिच्या घराच्या गच्चीवर वाळत घातलेलं धुणं त्या वीजकेंद्राच्या राखेने करडं व्हायचं आणि ती ते दोन-दोनदा खळबळायची.

जुळलं हे ऐकून मला आनंद व्हायला हवा होता. मला आधी संकोच वाटला. आमच्यात भाऊ बहिणीला देतो. भाऊबीजेला ओवाळणी घालतो, दिवाळीला माहेरची साडी करतो. सुमनला मूल होईपर्यंत आमच्या वडिलांनी तिच्या घरी पाणीसुद्धा घेतलं नव्हतं. आणि मी तिच्या हाडातलं मागणार!

मी फोनवर घुटमळत सगळं सांगितलं. ती म्हणाली, "मंग? कधी येऊ?"

"दाजींना इचार आधी."

मागून दाजींचा आवाज आला, "पाठीच्या कण्यात सुई घालतेत म्हनं. बाई अधू झाली म्हंजे?"

"अधू झाले तर तुमी थापा भाकरी," सुमन म्हणाली. "तशाबी तुमाला माझ्या भाकरी जाडच लागतात."

पाठीच्या कण्यात सुई घालतात, ही भीती आमच्याकडे घरोघरी आहे, म्हणून सांगतो. सुमनच्या बाबतीत तसं काही झालं नाही. तिला चार-पाच दिवस पोटावर इंजेक्शनं दिली, त्याने मूळ पेशी हाडांतून रक्तात उतरतात. कंबर आणि मांड्या ठणकल्या. मग एक दिवस तिला यंत्राशेजारी खाटेवर बसवलं. एका हातातून रक्त यंत्रात जायचं, मूळ पेशी गाळल्या जायच्या, बाकीचं दुसऱ्या हातातून परत. चारेक तास. कुसुम तिच्याजवळ होती. तिने सांगितलं, सुमन यंत्रावरच्या मुलीला सारखी विचारत होती, "बाई, तू सगळं परत देतीस ना गं? का थोडं ठिवून घेतीस?" चौथ्या दिवशी ती परळीला भाकरी थापत होती.

माझ्या खोलीच्या काचेबाहेर ती येऊन उभी राहिली होती, दोन्ही कोपरांवर कापसाच्या पट्ट्या. तिने हात वर करून पट्ट्या दाखवल्या, कुस्ती जिंकल्यासारख्या.

पिशवी छोटी होती. पातळ केलेल्या टोमॅटोच्या साराच्या रंगाची. पाऊण तासात अंगात उतरली. एवढ्याशा पिशवीसाठी केवढी तयारी, असं मला वाटलं. आज ते आठवलं की स्वतःचीच लाज वाटते.

पायातलं दावं

आता जे सांगतो ते समजून घ्यायला मला वेळ लागला. तुम्हाला लागू नये.

मला वाटत होतं, धोका एकच, माझं शरीर परक्या पेशींना हाकलून देईल. मॅडम म्हणाल्या, "तो धोका असतो, पण तुमची जुनी प्रतिकारशक्ती आम्ही औषधांनी बरीचशी मोडून ठेवली आहे. आता उलटीकडून सांभाळायचं. या मूळ पेशींतून नवी प्रतिकारशक्ती येणार, ती तुमच्या बहिणीची. ती तिच्या घरात चोपन्न वर्षं राहिली आहे. तुमचं कातडं, तुमचं आतडं, तुमचं यकृत तिला नवीन. तिला हे घरच परकं वाटलं, तर ती घरावरच धावून जाते."

"पूर्ण जुळलंय म्हणालात ना?"

"जुळलंय म्हणजे सारखं आहे असं नाही. सख्खी भावंडंही हुबेहूब नसतात."

मी जरा विचार केला आणि म्हणालो, "मॅडम, गाईचं वासरू मेलं की आम्ही तिला दुसऱ्या गाईचं वासरू लावतो. त्याच्या अंगाला तिचंच दूध चोळायचं, मीठ लावायचं, म्हणजे ती चाटते. पण पहिले काही दिवस ती वास घेते आणि लाथ घालते. म्हणून तिच्या मागच्या पायांना दावं बांधतात. हळूहळू तिला ते वासरू आपलं वाटायला लागतं. मग दावं सैल करायचं."

मॅडम हसल्या. "मला हे कुणी शिकवलं नव्हतं. तुम्हाला ज्या गोळ्या देणार आहे ना, त्या म्हणजे ते दावं. सावकाश सैल करायचं, आणि किती ते मी ठरवणार. एकदम सोडलं तर लाथ बसेल. पण कायमचं करकचूनही बांधायचं नाही. थोडी लाथ आम्हाला हवी असते. रोगाच्या लपून राहिलेल्या पेशींना हीच नवी प्रतिकारशक्ती हुडकून मारते."

मला हे फार पटलं. जी लाथ मारू शकते तीच वाचवते. मी मान डोलावली, जशी माझ्यासमोर शेतकरी डोलवायचे. नंतर घरी जाऊन ते स्वतःच्या मनाने करायचे, तेही मी पुढे केलं.

त्या खोलीतले दिवस लांब होते. पहाटे पाचला वजन. मग तोंडाच्या गुळण्या, दिवसातून सहा-सात वेळा. सगळं उकळलेलं खायचं, दही नाही, कच्ची कोथिंबीरसुद्धा नाही. तोंडात फोड आले की घोटभर पाणी म्हणजे डोंगर. फरशी पुसायला येणाऱ्या मावशी रोज आत आल्या की आधी वार सांगायच्या, "आज बुधवार हाय बाबा." त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. आतल्या माणसाला वार कळत नाही, हे त्यांना माहीत होतं.

भीती वाटायची ती दुपारी. सकाळ कामात जायची, संध्याकाळी कुसुम मास्क-हातमोजे घालून यायची. दुपारी चार वाजता सुमनचा फोन यायचा. ती आजाराचं कधीच विचारत नसे. शेजारणीचं भांडण, राखेने खराब झालेलं लोणचं, दाजींचं घोरणं, असलंच सांगायची. मी न बोलता ऐकायचो. शेवटी म्हणायची, "हाय का रं? का झोपलास?"

"हाय."

"ऱ्हा मंग."

अठराव्या दिवशी माझ्या रक्तात पांढऱ्या पेशी दिसू लागल्या. मॅडमनी स्वतः येऊन सांगितलं. सुमन रुजली होती.

एक शब्द

महिन्याभराने आणखी एक तपासणी झाली. रक्तात किती माझं उरलंय आणि किती सुमनचं, हे बघतात. मॅडम खुशीत आल्या. "शंभर टक्के बहिणीचं. आता तुमचं रक्त तपासलं तर अहवाल बाईचा येईल. काही दिवसांनी रक्तगटही बदलेल." शेजारी उभा असलेला ब्रदर हसत म्हणाला, "काका, आता हळदीकुंकवाला जायला हरकत नाही."

मीही हसलो. पण ते मला लागलं.

त्याच दुपारी गावाहून सरपंचांचा फोन आला. "डॉक्टर, गाव देवाला नवस बोललंय तुमच्यासाठी. जमलं ना समदं? कुनी दिलं?"

माझ्या डोळ्यांसमोर पारावरची माणसं आली. जन्मभर ज्यांच्या बैलांच्या नाकात मी हात घातला, ती. ती म्हणतील, डॉक्टरच्या अंगात आता बाईचं रक्त हाय. म्हणतील, बहिणीचं घेऊन जगला. आणि मी म्हणालो, "भावानं."

एक शब्द. उत्तमने चार वेळा प्लेटलेट दिल्या होत्या, म्हणजे अगदीच खोटं नाही, अशी मी मनाची समजूत घातली.

फोन ठेवला तेव्हा कुसुम दारात होती. "काय बोललात हे?"

"गावाला काय कळतंय त्यातलं."

"गावाला न्हाई कळत. सुमनला कळतंय."

ती दोन दिवस माझ्याशी कामापुरतंच बोलली. हातमोज्यातून हात दाबायची, तेही थांबलं.

सप्ताह

साडेपाच महिन्यांनी मी गावी आलो तेव्हा हरिनाम सप्ताह चालू होता. सरपंचांनी ठरवून टाकलं होतं: शेवटच्या दिवशी काल्याच्या कीर्तनानंतर उत्तमचा सत्कार.

त्या आठवड्यात मी एक काम केलं, जे तुम्ही कधीही करू नका. दाव्याच्या त्या गोळ्यांनी माझे हात थरथरत. माईक धरल्यावर लोकांना ते दिसेल, म्हणून मी गोळ्या बंद केल्या. कुणाला विचारलं नाही. बरं वाटतंय, मग कशाला, असंही मनात होतं.

सत्काराच्या दिवशी सुमन परळीहून आली. ती मांडवात बायकांमध्ये बसली, डब्यातले लाडू मांडीवर घेऊन. महाराजांनी भावाभावांच्या प्रेमावर बराच वेळ सांगितलं आणि उत्तमचं नाव पुकारलं.

उत्तम माझ्या कानाशी आला. "दादा, मी न्हाई जात."

"जा. लोकं बघायलेत."

"अक्का बसलीय तिथं."

"तिला मी सांगतो नंतर."

"काय सांगतूस?"

मी त्याच्या पाठीत हात घालून त्याला पुढे ढकललं. त्याला केशरी फेटा बांधला, शाल, नारळ. त्याची मान खाली होती. लोकांना तो विनय वाटला. मग माईक माझ्याकडे आला. हात अजिबात थरथरले नाहीत. मी म्हणालो, "माझ्या भावानं मला दुसरा जन्म दिला."

टाळ्या वाजल्या. मी नको म्हणत असतानाही नजर बायकांकडे गेली. सुमन टाळ्या वाजवत होती. तोंडभर हसून, बाकीच्यांसारख्याच.

घरी जेवताना तीच वाढत होती. "उत्तम्या, फेटा लई शोभला बघ. नवरदेवच दिसत हुतास."

उत्तम ताटावरून उठला. आत जाऊन फेटा घेऊन आला आणि तिच्या ओटीत टाकला. "हे तुझं हाय, अक्का. मी सांगितलं हुतं दादाला. मला माफ कर."

"आरं, मी कुठं बांधू हे?" ती हसत सुटली. "पन कापड चांगलंय. कुरडया वाळायला घातल्या का राख पडती माझ्या. झाकायला नेते."

मग तिने माझ्या ताटात भाजी वाढली आणि म्हणाली, "दादा, माईकवर तू एकदाबी खोकला न्हाईस. छाती मोकळी झाली तुझी."

हा टोमणा होता का, मी आजवर ठरवू शकलो नाही. तो टोमणा नव्हता, असं वाटलं की जास्त त्रास होतो.

लाथ

आठ-दहा दिवसांत माझे तळहात लाल झाले, आग आग व्हायला लागली. मग सगळ्या अंगावर पुरळ, तोंडात फोड, जुलाब. डोळे पिवळे दिसायला लागले तेव्हा पुन्हा पुणे गाठलं.

मॅडमनी विचारलं, "गोळ्या?"

मी सांगितलं. त्या रागावल्या नाहीत, म्हणून जास्त लागलं. म्हणाल्या, "मला गाईचं तुम्ही समजावलंत. आणि दावं तुम्हीच सोडलंत."

सुमन निरोप मिळताच आली आणि वीस दिवस राहिली. माझ्या हाताची साल निघत होती. ती नर्सने दिलेलं मलम बोटाने लावायची, एकेक बोट वेगळं करून. माझ्या मनात एकच घोळत होतं. हा हिचा राग आहे. मांडवात जो दाखवला नाही तो आता माझ्या कातड्यातून बाहेर येतोय.

एकदा मी मॅडमना विचारलंही, सुमन चहा आणायला गेली असताना. "पेशींबरोबर राग येतो का हो?"

त्यांनी माझ्याकडे नीट बघितलं. "राग रक्तात नसतो. त्या पेशींना तुमचं नाव माहीत नाही, तुमच्या बहिणीचंही माहीत नाही. आपलं कोण, परकं कोण, एवढंच त्या बघतात. ओळख पटायला वेळ लागतो. तुम्ही तो दिला नाहीत." मग म्हणाल्या, "पण तुम्ही हा प्रश्न मला का विचारताय? त्या बाहेरच आहेत."

सुमन चहा घेऊन आली. मी चेष्टेत शिरून बघितलं. "सुमे, तुझे शिपाई मला मारायलेत गं."

"मारू दे की. माझ्या येन्या खाटंला बांधून पळायचास, त्याचं उट्टं काढत आसतील."

"लई जोरात मारायलेत."

"माझेच हायत ना? मंग मला इचारल्याबिगर जीव न्हाई घेनार." तिने मलमाचं झाकण लावलं आणि हात पुसत माझ्याकडे बघितलं. हसू थांबलं होतं. "दादा, काई बोलायचंय का तुला?"

तिला माहीत होतं. तिने दार पूर्ण उघडून धरलं होतं. मला फक्त आत पाऊल टाकायचं होतं.

मी म्हणालो, "पाणी दे."

तिने पाणी दिलं.

लहान बाळाच्या लसी

औषधांनी ती लाथ आवरली. पुढची दीड-दोन वर्षं मॅडम एकेक गोळी कमी करत गेल्या आणि मी शहाण्यासारखा त्यांचं ऐकत गेलो. शरीर आणि सुमनच्या पेशी एकमेकांना ओळखायला लागल्या. पुरळ पुन्हा एकदा आलं, हलकंसं, आणि गेलं. मॅडम म्हणाल्या, एवढं चालतं, शिपाई जागे आहेत.

प्रतिकारशक्ती नवी, म्हणजे तिला जुनं काही आठवत नाही. म्हणून लहान बाळांच्या बऱ्याच लसी मला परत घ्याव्या लागल्या. गावच्या उपकेंद्रात मी बाळंतिणींच्या रांगेत बसायचो. चौतीस वर्षं ज्याने गावाची जनावरं टोचली, तो बाही वर करून बसलेला बघून बायका पदर तोंडाला लावायच्या. एकीचं बाळ रडायला लागलं तर ती म्हणाली, "बघ, आजोबा रडतेत का?" मला ते दिवस आवडले. इतकं मोकळं हसणं मी आजाराआधीही हसलो नव्हतो.

माझा रक्तगट आधी बी होता. आता ओ आहे, सुमनचा. हे सांगताना आता मला काही वाटत नाही. उलट बीडच्या प्रयोगशाळेत नवा मुलगा असला की मी मुद्दाम सांगतो. पारावरही मागच्या महिन्यात सांगितलं, सगळं. जो हसेल असं वाटलं होतं तो हसला नाही. एक म्हातारा एवढंच म्हणाला, "मंग त्या पोरीला मांडवात पुढं कावून न्हाई बोलावलं बे?"



कुरडया

रुग्णालयानंतर दर भाऊबीजेला मी ठरवायचो. सुमन ओवाळायची, मी ताटात साडी ठेवायचो, शब्द गिळायचो. पोरं आहेत, पाहुणे आहेत, आज सणाचा दिवस आहे. कारणं भरपूर मिळायची. उत्तमने ज्या दिवशी चूक झाली त्याच दिवशी माफी मागून टाकली होती, आणि चूक त्याची नव्हती. माझी माफी मात्र जसजशी वर्षं गेली तसतशी जड होत गेली.

गेल्या उन्हाळ्यात मी मनाशी पक्कं करून एकटाच परळीला गेलो. गाडीत वाक्य पाठ केलं. तीनच वाक्यं होती.

सुमन गच्चीवर होती. पलंगपोसावर कुरडया घातलेल्या, आणि हातात ते केशरी कापड. उन्हाने फिकं झालेलं, तरी मी ओळखलं. मला बघून म्हणाली, "बरं झालं आलास. हे टोक धर. वाऱ्यानं एकटीला जमंना."

मी एक टोक धरलं. ती दुसरं टोक घेऊन पलीकडे गेली. मध्ये कुरडया आणि त्यावर ताणलेला फेटा. आम्ही दोघंच होतो. मी म्हणालो, "सुमे..."

"ताणून धर की रं. ढिला पडला तर राख आत जाती."

मी ताणून धरलं. तिने चारही कोपऱ्यांवर विटा ठेवल्या. मग खाली जाऊन आम्ही सरबत प्यालो. ती मला विचारत होती, ताप येतो का, गोळी कुठली चालू आहे, रिपोर्ट कधी आहे. मी म्हटलं, पुढच्या वेळी बोलू. तिला वाटलं, रिपोर्टबद्दल बोलतोय.

वीस दिवसांनी सकाळी दाजींचा फोन आला. धुणं काढायला गच्चीवर गेली होती. छातीत कळ आली आणि तिथेच बसली. दवाखान्यात पोचेपर्यंत संपलं होतं.

दहाव्याला दाजी मला बाजूला घेऊन गेले. मला वाटलं, आता ते मांडवातलं काढतील. मी तयार होतो. त्यांनी माझा हात उलटा केला आणि मनगटाची शीर बघत राहिले. म्हणाले, "तुमचा रगताचा रिपोर्ट आला का मला फोन करत जावा. ती कशी हाय ते सांगत जावा."

मी करतो. दर तीन महिन्यांनी. मागच्या आठवड्यातच सांगितलं, "दाजी, चांगली आहे. पांढऱ्या पेशी भरपूर आहेत, हिमोग्लोबिन साडेतेरा आहे." ते म्हणाले, "बरंय."

तर ज्यांच्या घरात आज हे चालू आहे, त्यांना माझं सांगणं थोडं आहे. देणाऱ्याला भिऊ नका, देऊ द्या, बहीण असली तरी. गोळ्या मनाने सोडू नका. लाथ बसली तर धीर धरा, ओळख पटते. आणि ज्याने दिलं त्याचं नाव चारचौघांत घ्या, ते माणूस ऐकायला असतं तोवर.

परळीला जाताना गाडीत पाठ केलेली ती तीन वाक्यं अजून माझ्याकडेच आहेत. ती इथे लिहितो.

सुमे, त्या दिवशी मांडवात मी तुझं नाव घ्यायला पाहिजे हुतं. मला लाज वाटली, बहिणीमुळं जगलो म्हणायची. चुकलं माझं, मला माफ कर.